हजीऱ्याच्या वाट्याची सकाळ

पडावच्या पुलाचा उतार लागला की बळवंतराव स्कूटरचं इंजिन बंद करायचे. मागे बसलेल्या पुष्करला ते आधीच कळायचं. काकांचा खांदा किंचित पुढे झुकायचा, किल्ली फिरायची आणि स्कूटर मुकी व्हायची. मग नुसता वारा. मागून येणारे हॉर्न वाजवत, वळून बघत पुढे जायचे. एखादा ओरडायचा, "अंकल, धक्का लगा दूँ क्या?" काका हात हलवून त्याला जा म्हणायचे.

त्या शांततेत ते गुणगुणायचे. पुलाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत जेवढं मावेल तेवढं. पुलापलीकडच्या हजीऱ्याकडे जाताना दिवस मावळत आलेला असायचा, तेव्हा मारवा. परत येताना यमन. खाली सपाटी आली, स्कूटर रांगायला लागली, की गाणं अर्ध्यावर तोडून ते सेल्फ दाबायचे. सेल्फ बहुतेक वेळा लागत नसे. मग स्कूटर कडेला घ्यायची, पुष्करने उतरायचं आणि किक मारायची.

"तेवढंच वाचलं," काका म्हणायचे.

किका मारण्यात तेवढंच खर्च होत असेल, असं पुष्करला वाटायचं. पण त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. काका साठी ओलांडलेले. घरोघर जाऊन गाणं शिकवणारे. त्यांच्या हातात फार थोड्या गोष्टी उरल्या होत्या, आणि स्कूटरची किल्ली ही त्यातली एक होती.

पुष्कर स्वतः साहित्यात एम. ए. झाला होता. त्याचं पुढे काय, हे घरचे विचारत नसत. म्हणजे विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. हजीऱ्याला एका कोचिंगमध्ये तो संध्याकाळी मुलांना हिंदी आणि इंग्रजी शिकवायचा. राहायचा दौलतगंजात, काकांच्या समोरच्या घरात. लहानपणापासून त्याला जाग यायची ती काकांच्या भैरवने. गल्लीत काकांच्याआधी कुणी उठलेलं नसे, दूधवालाही नाही. त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण भैरव म्हणजे अजून थोडं झोपता येईल, एवढं कळत होतं.

काकांचं पेट्रोल वाचवणं हा गल्लीत थट्टेचा विषय होता. ते पहाटे पंपावर जायचे, कारण गारव्यात पेट्रोल दाट असतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शंभराचं कधी मागायचे नाहीत, एकशे दहाचं मागायचे. शंभराच्या आकड्यावर पंपवाले हात मारतात, असं त्यांचं म्हणणं. पेट्रोलने शंभरी कधीच ओलांडली होती, त्यामुळे एकशे दहात टाकीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. चाकात हवा टणक. ब्रेक लावणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने कमावलेला वेग रस्त्यावर ओतून देणं. डिकीतून त्यांनी छत्री, पाना, जुनं फडकं सगळं काढून टाकलं होतं. आत फक्त इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी असायची, सुती रुमालात गुंडाळलेली.

"वजनाला पेट्रोल लागतं," ते म्हणायचे.

"मग मी?" पुष्कर विचारायचा.

"तू वजन नाहीस. तू निम्मं पेट्रोल आहेस."

हे निम्मं पेट्रोल वनमालाकाकूंच्या डोक्यातून आलं होतं. गेल्या वर्षी भाव पुन्हा चढले तेव्हाची गोष्ट. पुष्कर पोहे खायला बसला होता. काकूंनी स्वयंपाकघराच्या फरशीवर वाट्या मांडल्या. काकांच्या शिकवण्या जिथे जिथे होत्या, तिथे तिथे एक वाटी. दौलतगंजातल्या वाट्या गॅसपाशी एकमेकींना टेकून. शिंदे की छावनीतल्या फ्रीजपाशी. आणि एकच वाटी पार दूर, उंबऱ्याला लागून. ती हजीऱ्याची.

"आता तुम्ही फिरता कसे ते बघा," काकू म्हणाल्या. "सकाळी छावनी. तिथून उंबरा. तिथून परत गॅस. दुपारी पुन्हा फ्रीज. अहो, भाजीवालासुद्धा गल्लीला गल्ली लावून जातो."

"भाजी कुठल्याही वेळी विकता येते," काका म्हणाले.

"आणि सा रे ग म?"

काका पोहे चावत राहिले.

काकूंनी जवळच्या वाट्या एकात एक घातल्या आणि सकाळच्या नावाने बाजूला सरकवल्या. मग उंबऱ्याजवळची उचलून पुष्करच्या ताटलीशेजारी ठेवली. "हा बिचारा रोज संध्याकाळी टेम्पोत हाडं खिळखिळी करत तिकडेच जातो. याला मागे बसवा. निम्मं पेट्रोल हा देईल. काय रे?"

पुष्करला आनंदच झाला. तीनचाकी टेम्पोत दहाजणांबरोबर बकऱ्यासारखं कोंबून घेण्यापेक्षा काकांच्या मागे वारा खात जाणं केव्हाही बरं. तो लगेच हो म्हणाला. काका त्या वाटीकडे थोडा वेळ बघत राहिले.

"म्हणजे सकाळ गेली," ते म्हणाले.

"कुणाची?" काकूंनी विचारलं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि त्या उठल्या. पुष्करने आणखी पोहे घेतले.

हजीऱ्याच्या वाटीतली मुलगी म्हणजे हर्षिता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. काकूंनी वाट्या मांडल्या त्याच सुमाराला तिने गाणं शिकायला सुरुवात केली होती. तिचे वडील संग्रामसिंह यांचं खाली मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, वर घर. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, हे ते ओळख झाल्याबरोबर सांगायचे. आपण दिवसभर तांब्याची तार गुंडाळतो, हे मागाहून. मराठी बोलायचे, पण वाक्य कुठे हिंदीच्या गल्लीत वळेल याचा नेम नसे.

बाकीच्या घरांतून काका परत यायचे तेव्हा चहाबद्दल बोलायचे. कुणाकडे आलं जास्त होतं, कुणाकडे साखर. त्या मुलांना शाळेच्या स्पर्धेत म्हणायला एखादं गीत हवं असायचं, गणपतीत एखादा अभंग. काका ते बसवून द्यायचे, निमूट. हजीऱ्याहून परतताना मात्र ते चहाबद्दल बोलत नसत.

"आज तिने निषाद न सांगता लावला," पुलाच्या चढावर ते म्हणायचे. स्कूटर धापा टाकत असायची. "मी नुसतं बघितलं तिच्याकडे."

"म्हणजे चांगलं ना?"

"अरे, माझ्यानंतर कुणाकडे काही राहिलं, तर तिच्याकडे राहील."

एवढं बोलून उतार आला की किल्ली फिरायची.

असं वर्ष गेलं. पावसाळा संपून हवा कोरडी झाली होती तेव्हा एका संध्याकाळी कोचिंगमधली वीज गेली आणि मुलांना लवकर सोडलं. पुष्कर संग्रामसिंहांच्या दुकानाशी आला. काकांचा तास चालू असणार, म्हणून जिन्यात थांबला. वरून गाणं येत नव्हतं. संग्रामसिंहांचा आवाज येत होता.

"गुरुजी, बुरा मानू नका. मी अनपढ माणूस. पण हिची गाण्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. हर्षिताच्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून मला पता चललं. सिलॅबसमध्ये भैरव आहे, बिलावल आहे. हिला विचारलं, तर म्हणते झालेच नाहीत. एक साल में?"

"ते सकाळचे आहेत," काका म्हणाले.

"तर?"

"मी संध्याकाळी येतो."

खाली दुकानातला पोऱ्या कुठलीतरी मोटर लावून बघत होता, तिचा घरघराट तेवढा आला आणि थांबला.

"गुरुजी," संग्रामसिंह म्हणाले, "मी मोटर वाइंड करतो. सकाळी करा, रात्री करा, ती पाणी उचलते."

"पप्पा, आप रहने दो ना," हर्षिता म्हणाली.

"तू चूप. मी गुरुजींशी बोलतोय."

"राग पहिल्यांदा गळ्यात उतरतो तो त्याच्या वेळेला," काका म्हणाले. रोज कुणाला तरी सांगत असल्यासारखं ते सावकाश बोलत होते, पण पुष्करने त्यांना हे सांगताना कधी ऐकलं नव्हतं. "एकदा बसला की मग केव्हाही गावा. परीक्षा दुपारी असली तरी हरकत नाही. पण पहिली भेट वेळेवर व्हावी लागते. आमच्याकडे तसंच आहे."

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

"माझ्या गुरूंकडे."

"ते आहेत?"

"नाहीत."

"मग?"

पुष्कर जिन्यात उभा होता. वर जावं की खाली, त्याला कळेना.

संग्रामसिंह माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. सिटी सेंटरला एक क्लास निघाला आहे, म्हणाले. एसी आहे. सगळे राग शिकवतात, कुठल्याही टायमाला. महिनाभरात परीक्षेची तयारी करून घेतात. "तुम्ही शिकवाल तर तुम्हीच शिकवा गुरुजी, हिचंही मन तुमच्यातच आहे. पण पोरगी नापास नको व्हायला. रविवारपर्यंत सांगा."

परत येताना पुलाच्या उतारावर इंजिन बंद झालं. यमनही आला, पण दोन सुरांतच विरला.

"काका, सकाळी जाऊन या ना हजीऱ्याला," पुष्कर म्हणाला. "थोडेच दिवस तर आहेत."

"सकाळी तू कुठे असतोस?"

"मी? झोपलेला असतो."

"हं."

पुष्करला वाटलं, काका थट्टा करतायत. स्कूटर पायथ्याशी येऊन थांबली. तो खवचटपणे काहीतरी बोलणार होता आणि तोंड उघडं ठेवूनच थांबला. उंबऱ्याजवळची वाटी. त्याच्या ताटलीशेजारी आलेली. काकूंनी विचारलं होतं, कुणाची सकाळ. आणि तो पोहे घेत होता.

वर्षभर तो वारा खात हजीऱ्याला गेला होता, त्याची किंमत त्या मुलीने दिली होती.

"काका, तुम्ही सांगायचं ना मला."

"काय सांगायचं? तुझा कोचिंगवाला सकाळी मुलं आणणार आहे का? ती मुलं सकाळच्या शाळेत असतात. चल, किक मार."

पुष्करने किक मारली. लागेना. पुन्हा मारली.

"सगळं पेट्रोल मी देतो," तो म्हणाला. "परीक्षेपर्यंत. तुम्ही सकाळी जा."

"कोचिंगमध्ये तुला मिळतं किती ते मला माहीत आहे. आणि सकाळची घरं? छावनीतली पोरं कुणी घ्यायची? ती सोडली तर महिन्याचं काय?" काका शांतपणे बोलत होते. हा हिशेब त्यांनी एकट्याने पुष्कळदा केलेला असणार. "चोक ओढ जरा."

त्या आठवड्यात बरंच काही करून झालं. आधी फोन. पहाटे हर्षिताने तिकडून सा लावायचा, काकांनी इकडून ऐकायचं. पुष्कर मुद्दाम उठून गेला आणि त्याने फोन स्पीकरवर टाकून दिला. काका मांडी घालून फोनसमोर बसले, जसा समोर माणूस असावा तसे. त्यांनी भैरवचा रिषभ दाखवला. नुसता कोमल असून भागत नाही, तो जागच्या जागी हलला पाहिजे, झोपेतल्या मुलाच्या छातीसारखा. तिकडून उत्तर आलं.

काका कान लावून ऐकत होते. "पुन्हा."

पुन्हा आलं.

"पुष्कर, हा रिषभ हलतोय की नेटवर्क हलतंय?"

पुष्करला सांगता येईना. हर्षितालाही येईना. ती तिकडून म्हणत होती, "गुरुजी, आपकी आवाज कट रही है... गुरुजी?" काकांनी फोन उचलून कानाला लावला आणि म्हणाले, "राहू दे बाळ. जा कॉलेजला."

मग हर्षितानेच इकडे यावं असं निघालं. संग्रामसिंह म्हणाले, पहाटे एकटी पोरगी इतक्या लांब सोडायची नाही. मी सोडायचं तर माझी मोटारसायकल काय पाण्यावर चालते? तेही राहिलं.

शुक्रवारी पुष्करला जाग आली ती दूधवाल्याच्या भोंग्याने. भैरव ऐकू आला नाही. तो धावतच समोर गेला. काकू ओट्याशी उभ्या होत्या.

"गेलेत हजीऱ्याला," त्या म्हणाल्या. "मला न सांगता. अंधारात."

काका आले तेव्हा ऊन चढलं होतं. ते स्कूटर ढकलत आले. सदरा पाठीला चिकटलेला, चपलेचा अंगठा तुटून ती पायात फरफटत होती. पुष्करने पुढे होऊन स्कूटर घेतली. काका पायरीवर बसले. काकूंनी पाणी दिलं. त्यांनी ते हातातच धरून ठेवलं.

झालं होतं ते असं. पुलाच्या चढावर पेट्रोल संपलं. काकांनी स्कूटर आडवी करून पाहिली, तळातलं उरलंसुरलं मिळतं का, मिळालं नाही. मग त्यांनी ती चढावर ढकलली. माथ्यावर दम घेतला. पलीकडे उतार.

"तिथे मात्र किल्ली फिरवावी लागली नाही," काकू म्हणाल्या. त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही.

पुढे सपाटीवर पुन्हा ढकलणं. त्या बाजूच्या पंपावर टँकर लागलेला, विक्री बंद, तास गेला असता. ते तसेच पायी गेले. संग्रामसिंहांच्या दारात पोचले तेव्हा हर्षिता कॉलेजला निघून गेली होती. संग्रामसिंह दुकानाचं शटर वर करत होते. त्यांनी काकांकडे बघितलं, स्कूटरकडे बघितलं. आत बसवून चहा दिला, मोटरी पुसायला ठेवलेल्या बाटलीतलं थोडं पेट्रोल काढून टाकीत घातलं. ते परत येताना दौलतगंजाच्या तोंडाशी संपलं.

"त्याने पेट्रोल दिलं," काका म्हणाले. हीच गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त लागली होती.

"छावनीतून फोन येतायत," काकू हळूच म्हणाल्या. "दोन घरं तुमची वाट बघून उठली."

काकांनी पाणी संपवलं. भांडं पायरीवर पालथं ठेवलं. "आज संध्याकाळी तुझी सुट्टी केव्हा होते?" त्यांनी पुष्करला विचारलं.

"नेहमीचीच."

"जरा लवकर निघता येईल? मला सोबत हवी."

पुष्करने बाटलीतून थोडं पेट्रोल आणून टाकीत ओतलं, कोचिंगवाल्याला ताप आल्याचं सांगितलं आणि संध्याकाळी काकांबरोबरच हर्षिताकडे वर गेला. हर्षिताच्या खोलीत तो पहिल्यांदाच बसत होता. छोटी खोली. कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या, भिंतीला पणजोबांचा फेट्यातला फोटो. रस्त्याकडे एक खिडकी. हजीऱ्याच्या चौकातली संध्याकाळ त्या खिडकीतून पुरती आत आली होती. भाजीवाल्यांचे पुकारे, ई-रिक्षांचे भोंगे, कुठल्याशा देवळातल्या आरतीच्या घंटा.

काकांनी रुमाल सोडून पेटी काढली. तानपुरा सुरू झाला. हर्षिताने विचारलं, "पूरिया धनाश्री, गुरुजी?"

"भैरव," काका म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग पुष्करकडे. मग खिडकीबाहेर, जिथे आभाळ तांबडं होतं आणि खालचे दिवे लागत होते. ती उठली, खिडकीशी गेली. "खिडकी बंद कर लूँ? पडदा पण आहे. अंधार होईल. म्हणजे मग... पहाटेसारखं."

काका तिच्याकडे बघत राहिले. पुष्करला वाटलं, आता हो म्हणतील.

"नको. उघडीच असू दे," ते म्हणाले. "खोटं कशाला? संध्याकाळ आहे. ये, बैस."

त्यांनी सा लावला. पुष्करला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण हा आवाज त्याच्या झोपेतला होता. तो असा दिव्यात, गर्दीत, घंटांच्या आवाजात ऐकताना त्याला कसंसंच झालं. कुणी अंथरुणातला माणूस चौकात आणून उभा करावा तसं. त्याने मान खाली घातली.

हर्षिता मागोमाग म्हणू लागली. पहिल्यांदा चुकली. वर्षभर संध्याकाळचे राग गाऊन तिचा मध्यम चढा झाला होता, तो खाली येईना. काकांनी थांबवलं नाही, रागावले नाहीत. फक्त मध्यम पुन्हा दिला. पुन्हा दिला. खालून एक माणूस पेरूच्या गाडीवर ओरडत होता, "अमरूद ले लो, मीठे अमरूद." काकांनी त्याचं ओरडणं संपू दिलं आणि मध्यम आणखी एकदा दिला. या खेपेला तिने तो घेतला. मग रिषभावर आली. आधी तिला तो नुसताच धरता आला. मग हलला. जागच्या जागी, जसा हलायला हवा तसा.

तिचं तिलाही ते कळलं. तिने डोळे उघडले. काकांनी मान डोलावली आणि पुढे चला म्हणून हात केला.

तास संपला तेव्हा रागाचं सगळं चलन तिच्या गळ्यात होतं. वेडंवाकडं, पण होतं. बिलावल दुसऱ्या दिवशी घेऊ, असं ठरलं. दारात उभे राहून ऐकत असलेले संग्रामसिंह आत आले. त्यांच्या हातात बशीभर तिळाची गजक होती.

"झालं ना गुरुजी! देखा? आणि आपण इतकं टेन्शन घेतलं." मनापासून आनंद झाला होता त्यांना. "घ्या, मुँह मीठा करा. आता त्या क्लासवाल्यांना मी सांगतो, आमच्याकडे गुरुजी आहेत."

काकांनी गजकचा तुकडा घेतला. हर्षिता पाया पडली तेव्हा तो त्यांच्या हातातच होता. डोक्यावर ठेवायला त्यांनी दुसरा हात पुढे केला.

"किती छान उचललं रे तिने," ते पुष्करला म्हणाले, जिन्यात. "पहिल्याच बैठकीत."

"हो, काका."

"मला कळत नव्हतं तेव्हा हाच रिषभ घ्यायला मला थंडीत महिने लागले होते. माझे गुरुजी पहाटे उठवायचे. कळशी अंगावर ओतायचे, मग बसवायचे." ते एक पायरी उतरून थांबले. "महिने."

पुष्करला वाटलं, यावर काहीतरी बोलायला हवं. त्याने इतकी पुस्तकं वाचली होती. त्यातलं एक वाक्य त्याच्या मदतीला आलं नाही. तो म्हणाला, "स्कूटरची किल्ली द्या, मी बाहेर काढतो."

पुढे हर्षिता पास झाली. परीक्षकाने भैरवच म्हणायला सांगितला, भर दुपारी, आणि तिला त्यात चांगले गुण मिळाले. संग्रामसिंहांनी दौलतगंजात पेढे आणून दिले. ती काकांकडेच शिकत राहिली, संध्याकाळीच. उंबऱ्याजवळच्या वाटीची जागा बदलावी लागली नाही. काकाही पहाटे पूर्वीसारखेच गायचे. पुष्करला त्यात काही फरक जाणवला नाही. असलाच तर तो ओळखण्याइतकं त्याला कळत नव्हतं.

पण ही सगळी नंतरची गोष्ट. त्या संध्याकाळी ते दोघं हजीऱ्याहून निघाले तेव्हा अंधार पडला होता. वाटेत पंप लागला. काकांनी एकशे दहाचं घातलं. पुलाच्या चढावर स्कूटर नेहमीसारखी धापा टाकू लागली. पुष्करने सवयीने थोडं पुढे वाकून वजन हलकं केलं, जसं काही त्याने होणार होतं.

माथा आला. समोर फूलबागेकडचे दिवे, खाली रुळांवर उभी एक मालगाडी. मग उतार.

पुष्कर वाट बघत राहिला. खांदा झुकेल, किल्ली फिरेल, आवाज जाईल. मग वारा आणि यमन.

काकांचा हात मुठीवरच होता. इंजिन चालू होतं. अर्धा उतार झाला तरी चालू होतं.

"काका," पुष्कर म्हणाला, "उतार."

"हो."

स्कूटर घरघरत खाली येत राहिली. मागून कुणी हॉर्न दिला नाही. स्कूटरचा दिवा लागलेला होता, रस्ता स्वच्छ दिसत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते सगळ्यांसारखे पूल उतरत होते.

पायथ्याशी लाल दिवा लागला. काका थांबले. इंजिन तसंच चालू. त्यांनी पाय टेकले आणि समोर बघत म्हणाले,

"संध्याकाळी भैरव दिला. काहीच झालं नाही रे, पुष्कर."

दिवा हिरवा झाला.